नाण्यावरच्या देवाला पाठ नसते

"कुठल्या खाणीवर होते हो तुमचे वडील?" प्रेत धुणाऱ्या नीकियासने हात पुसता पुसता विचारलं. अगदी सहज, तुमचं गाव कुठलं म्हणून विचारावं तसं. मी जिन्यात उभा होतो. आत बाबांना धूत होते तेवढा वेळ जिन्यातल्या भिंतीवरचा ओलीचा डाग बघत होतो, कारण वाढलेल्या मुलाने बापाला उघडं बघायचं नसतं, आणि आमच्या घरात तर हा रिवाज अंमळ जास्तच कडक होता. "खाणीवर नाही," मी म्हटलं, "घरात होते. वेतुरियसांच्या घरात गुलाम. तिथेच जन्मले, तिथेच मोकळे झाले." "बरं, बरं, घरात," तो म्हणाला. त्याने घमेलं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मला आपलं वाटलं. पाठीला तेल जरा जास्त लागलं, म्हणून विचारलं. अशा पाठीत तेल मुरतं. रोज हाताखालून जातात ना, कळतं आपल्याला. वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, "नाही, नाही." तो म्हणाला, "तोंडात ठेवायला नाणं काढून ठेवा. दुपार कलली की आमची चार माणसं येतील उचलायला." मग तो घमेलं सांभाळत खाली उतरला. पाणी पायऱ्यांवर सांडत गेलं, आणि खालच्या मजल्यावरची बाई त्याच्यावर खेकसली.

मी आत आलो. बाबांना दाराकडे पाय करून निजवलं होतं. टोगा नेसवला होता, मोकळ्या नागरिकाचं ते लांब वस्त्र त्यांनी आयुष्यात चार-पाच वेळाच नेसला असेल. बाकी नेहमी अंगरखा, त्यावर दुसरा अंगरखा, उन्हाळ्यातसुद्धा. चूल विझवलेली होती. छातीवर तमालपत्राचा जाड हार होता. सेकुंदिला, माझी बायको, तो हार नीट करत होती. "बघा ना," ती म्हणाली, "वेतुरियसांच्या नातवाने पाठवलाय. खास माणूस आला होता घेऊन. सासरे मोकळे होऊन इतकी वर्षं झाली, पण विसरले नाहीत हो लोक. मोठी माणसं ती मोठीच." मी म्हटलं, "हं." ती म्हणाली, "नुसतं हं काय? तुमचा बाप गेलाय. रडा तरी, नाहीतर भांडा माझ्याशी. सकाळपासून असे बसलाय जसं काही उसन्या घरात बसलाय." मला खरंच काही वाटत नव्हतं. हात जड झाले होते आणि कानात कापूस घातल्यासारखं झालं होतं, एवढंच. ती दाराला लावायची सरूची डहाळी आणायला खाली निघाली. जाताना म्हणाली, "त्यांच्यापाशी बसा. एकटं सोडायचं नसतं." मी बसलो. खोलीत आम्ही दोघंच उरलो, मी आणि ती पाठ. दुपार कलेपर्यंत ती इथे होती, नंतर सरणावर जाणार होती. टोगा सोडवून बाबांना कुशीवर वळवलं असतं तर दिसली असती. वळवलं नसतं तर कधीच दिसली नसती. या दोहोंपैकी काय करायचं ते मला ठरवायचं होतं, आणि डोकं चालत नव्हतं.

म्हणून मी आधी नाणं काढलं. कमरेची थैली उलटी केली आणि त्यातलं एक तांब्याचं उचललं, तर ते माझंच निघालं. माझंच म्हणजे मी ठसा कोरलेलं. मी टांकसाळीत ठसे कोरतो. एका बाजूला राजाचं डोकं, ते माझ्या शेजारी बसणारा क्रेस्तुस कोरतो, त्याचा हात नाकाडोळ्यांवर चांगला बसलाय. दुसरी बाजू माझी. या नाण्यावर माझा रोमच्या जनतेचा रक्षक देव उभा होता, एका हातात ताटली, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग, अंगावर काही म्हणजे काही नाही. देव असेच असतात, त्यांना थंडी वाजत नाही. आमच्याकडे खिडकीत प्लास्टरचा एक पुतळा आहे, हातभर उंचीचा, त्याला आम्ही गडी म्हणतो. कुणीतरी फार वर्षांपूर्वी ग्रीक देवळातल्या मूर्तीवरून उतरवलेला. तरणाबांड, पोट सपाट, एका पायावर भार टाकून आरामात उभा. आम्ही जो कुणी कोरतो तो हाच. भाला दिला की युद्धाचा देव, शिंग दिलं की रक्षक, डोक्याभोवती किरण लावले की सूर्य. आणि कधी हुकूम आला की राजालाच देवासारखा उघडा दाखवायचा, तरी अंग गड्याचंच आणि वर राजाचं डोकं. क्रेस्तुस म्हणतो, "नागडा तोच, सामान निराळं." आमच्या राजाचे गुडघे सांध्यांच्या दुखण्याने सुजलेले आहेत आणि त्याला पालखीतून उतरवायला दोन माणसं लागतात, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. पण नाण्यावर त्याचे गुडघे बघा, कसे टणटणीत! याला कुणी खोटं म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. अंग ही जागा आहे, नाव कुणाचंही लिहा, असं मी मानून चाललो होतो आणि सुखात होतो.

बाबांना माझं काम फार आवडायचं. ते वाकळा शिवायचे. मोकळे झाल्यावर त्यांनी जुनेर विकत घेऊन, धुऊन, तुकडे जोडून वाकळा आणि गाडीवानांचे कोट शिवायचा धंदा धरला, तो काल संध्याकाळपर्यंत. सुई हातात असतानाच मान खाली गेली, सेकुंदिलाला वाटलं डुलकी लागली. गिऱ्हाइकाला ते अभिमानाने सांगायचे, "माझा मुलगा लोकांचे कपडे काढतो, मी घालतो. घर चाललंय!" मी नव्या ठशाचा शिशातला नमुना घरी आणला की ते तो उजेडात न्यायचे नाहीत. अंगठ्याने चाचपायचे, हळूहळू, वरून खाली. मग उलटा करायचे. तिकडे राजाचं तोंड. एकदा म्हणाले, "गंमत आहे रे पोरा. तुझ्या देवाला पाठ नसते." मी म्हटलं, "नाण्यावर कशी असेल बाबा, पातळ असतं ते." "तेच म्हणतोय मी. पुढून एवढा उघडा, लाज ना लज्जा, आणि मागे जाऊन बघावं तर राजाचं तोंड. सुखी आहे बेटा." आणि स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मी पाठीवर थोपटायला हात उचलला, तर ते झटकन वळून भिंतीला टेकले. "समोरून ये," म्हणाले, "समोरून. चोर मागून येतात." हे ते नेहमीच म्हणायचे. मी लहान असताना मागून येऊन गळ्यात पडलो की हेच. मग ते मला पुढे ओढून घ्यायचे आणि छातीशी घट्ट धरायचे. त्यामुळे मला ही सवय कधी विचित्र वाटली नाही. कुणाच्या बापाला कांदा चालत नाही, माझ्या बापाला मागून आलेलं चालत नव्हतं.

हमामखान्याचंही तसंच. सगळं शहर दुपारी तिकडे लोटतं. बाबा नाही. मी लहान होतो तोवर शेजारच्या सुताराबरोबर मला पाठवायचे आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर माझा अंगरखा मांडीवर घेऊन ऑलिव्ह चघळत बसायचे. "कपडे चोरीला जातात इथे, मी राखतो," म्हणायचे. सुतार म्हणायचा, "अहो फिलेरोस, या की आत, अंग मोकळं होईल!" तर यांचं उत्तर ठरलेलं: "कमरेच्या थैलीत राजा असतो हो. राजासमोर कपडे कसे काढायचे? पूर्वी एकेकाला मारलंय त्यापायी." लोक हसायचे. आणि एकदा का माझ्या ओठावर लव आली, मग त्यांना रिवाजच सापडला. बापलेकांनी एकत्र आंघोळ करू नये, जुन्या चांगल्या घरांतून करत नाहीत, वेतुरियसांच्या घरी कधी केली नाही. पडद्याआड घमेलं घेऊन ते एकटे अंग पुसायचे आणि बाहेर आले की म्हणायचे, "रीत म्हणजे रीत." मला या रीतीचा अभिमान वाटायचा. गुलामाच्या पोराला नसते अशी रीत आपल्याला आहे, असं. माझं नावच त्यांनी इंगेनुस ठेवलं, म्हणजे जन्मतःच मोकळा. गल्लीत कुणी शंका घ्यायला नको म्हणून हाकेतच पुरावा.

आणि वेतुरियस म्हातारा तर आमच्या घरातला जणू आजोबाच होता. हिवाळ्यात मालक गड्यांना वाढतात त्या सणाला बाबा दरवर्षी त्याची गोष्ट सांगायचे. म्हणायचे, मी मालकाच्या ताटातलं जेवलो. त्याच्या पोराबरोबर वाढलो. अंगाला बोट लावलं नाही कुणी. मोकळं करताना पाठीवर हात ठेवून म्हणाला, जा लेका. म्हातारा डावखुरा होता, त्यामुळे पंगतीत भलतीच मजा. जेवताना सगळे डाव्या कोपरावर रेललेले, हा उजव्या. मग शेजारच्या पाहुण्याच्या नाकाला याचं नाक! बाबा दोघांची सोंगं काढायचे, आधी पाहुण्याचं, मग म्हाताऱ्याचं, डाव्या हाताने भाकरी मोडून पुढे करायचे, "घे फिलेरोस, घे, खा." हे नावही त्यानेच ठेवलेलं. सेकुंदिला हसून हसून डोळे पुसायची. मीही हसायचो. गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की तो म्हातारा मला रस्त्यात भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

नाणं हातात गरम झालं होतं. मला आठवलं ते दुसरंच नाणं. उत्तरेकडची लढाई जिंकली तेव्हा हुकूम आला होता, कैदी काढा. खांबावर शत्रूची शस्त्रं टांगलेली आणि त्याखाली कैदी बसलेला, उघडा, हात मागे बांधलेले, तोंड पलीकडे. म्हणजे पाठ आपल्याकडे. टांकसाळीत आम्ही उघडा कोरतो तो दोनच जणांना: ज्याने आपले कपडे आपण काढलेत त्याला, आणि ज्याचे दुसऱ्याने काढलेत त्याला. फरक उभं राहण्या-बसण्यात दाखवायचा, कातडी दोघांची सारखीच गुळगुळीत. मी कैद्याच्या मणक्यापाशी एक बारीक रेघ ठेवली होती, हाड दिसावं म्हणून. मुकादम भडकला. "हे काय? ठसा तडकलाय का? पाठीवर रेघ दिसली की लोक म्हणतील ठसा तडकलाय. घासून काढ." मी घासून काढली. नमुना घरी नेला. बाबांनी नेहमीप्रमाणे अंगठा फिरवला, आणि फिरवतच राहिले. "ही पाठ?" त्यांनी विचारलं. "हो." "एवढी साफ?" मी फुशारकीने म्हटलं, "घासून घासून साफ केली. मुकादमाला रेघ चालत नाही." बाबा म्हणाले, "छान. छान काम केलंस." नमुना त्यांनी परत दिला नाही. वाकळेच्या अस्तरात कुठेतरी शिवून टाकला असावा, कारण पुन्हा तो मला घरात दिसला नाही.

इतकं आठवूनही आत काही हललं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक, आणि भुकेची लाज वाटली. खाली रस्त्यावर गरम हरभरेवाला ओरडत होता. भिंतीवरचं ऊन खिडकीपासून सरकून पलंगाच्या पायाशी आलं होतं. मी टोग्याच्या काठाला हात लावला आणि मागे घेतला. जन्मभर त्यांनी जे झाकलं, दोन दोन अंगरख्यांनी, विनोदांनी, रीतींनी, ते मी आता उघडं करायचं, कारण एक भाडोत्री माणूस बोलून गेला? मग त्यांच्यात आणि गुलामांच्या बाजारात चौथऱ्यावर उभं करून फिरवून दाखवतात त्या माणसात काय फरक राहिला? त्यांचे कपडे पुन्हा दुसऱ्यानेच काढले असं झालं असतं. आणि नाही बघितलं तर ती पाठ माहीत असलेला या शहरात एकच माणूस उरणार होता, नीकियास, पन्नास प्रेतं धुतली की तोही विसरणार. बाप माझा आणि त्याला ओळखणार तो घमेलेवाला. मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही, पण सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी आलं.

मग मला सुचलं. बघायचं नाही, एवढीच रीत होती. आणि यायचं तर समोरून यायचं.

मी तो जाड हार काढून जमिनीवर ठेवला. गुडघे टेकले, बाबांवर वाकलो, छाती छातीला लावली आणि दोन्ही हात मानेखालून अंगरख्याच्या आत सरकवले, मिठी मारतात तसे. ते ताठ आणि गार होते. तेलामुळे हात सहज आत गेले. मी डोळे मिटले. ठसा कोरताना मी डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण ठशात सगळं खोल आणि उलटं असतं, डोळा फसतो. अंगठा फसत नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना चर होते. एकावर एक, आडवेतिडवे नव्हेत, सगळे एकाच दिशेने, डाव्या खांद्यावरून उतरत उजव्या बरगडीकडे. उजवीकडे शेवटाला प्रत्येक चर खोल झालेला, चाबकाचं टोक जिथे रुततं तिथे. त्यांचे काठ ताज्या घावाचे असतात तसे जवळ जवळ नव्हते. ते रुंद झाले होते, पसरले होते, झाडावर कोरलेलं अक्षर झाडाबरोबर पसरतं तसे. म्हणजे पाठ लहान असताना मारले होते. पाठ वाढली तसे तेही वाढले. खाणीवर एवढी लहान पोरं पाठवत नाहीत. हे घरातच झालं होतं. नीकियास चुकला होता आणि मी त्याला सांगितलं तेच खरं होतं.

मी पुन्हा वरून सुरुवात केली, कारण मला उलटं वाचायची सवय आहे, ठशावर डावं ते नाण्यावर उजवं. पण इथे नाणं नव्हतं, हा ठसाच होता, काही फिरवून वाचायचं नव्हतं. माझा उजवा हात बाबांच्या डाव्या खांद्यावर होता, चर तिथून सुरू होत होते. मागे उभं राहून उजव्या हाताने मारलं तर घाव उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरतो. हे उलटे होते. हे सगळेच्या सगळे डाव्या हाताचे होते. एकाच माणसाच्या, दमदार, सवयीच्या डाव्या हाताचे. मी तसाच पडून राहिलो. माझ्या कानाजवळ त्यांचं तोंड होतं आणि त्याच तोंडाने ते दरवर्षी सणाला म्हणायचे, घे फिलेरोस, घे, खा. बाबा, एवढं सगळं तुम्ही हसत हसत आम्हाला वाढलंत! आम्ही मागून मागून खाल्लं.

"अहो, काय करताय?" सेकुंदिला दारात उभी होती, हातात सरूची डहाळी. मी हात काढले. तेल लागलेलं होतं, ते माझ्याच अंगरख्याला पुसलं. "काही नाही," मी म्हटलं, "भेटत होतो." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डहाळी दाराला अडकवली. मी बाबांचे ओठ सोडवून नाणं आत ठेवलं. देवाची बाजू वर आली की राजाची, ते बघितलं नाही. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, चार माणसं आणि मागे नीकियास, शेजारीपाजारी, सुतार म्हातारा, टांकसाळीतून आलेला क्रेस्तुस. तिरडी दारातून आत यायला कुरकुरली. सेकुंदिलाने जमिनीवरचा हार उचलला आणि छातीवर ठेवायला वाकली. "राहू दे," मी म्हटलं. "अहो, वेतुरियसांच्या घरचा हार आहे!" "म्हणूनच म्हणतोय. राहू दे इथे." माझा आवाज काही चढला नव्हता, तरी तिने हार खिडकीत ठेवला.

बाबांना तिरडीवर घेतलं. आता रीतीप्रमाणे हाका मारायच्या होत्या. गेलेल्याला त्याच्या नावाने मोठ्याने हाक मारायची, तो ऐकतोय का बघायचं, आणि पहिली हाक मुलाची. सगळे थांबले. नीकियासने मला मानेने खूण केली. मी तोंड उघडलं आणि ते नाव जिभेवर आलं, आणि त्याच्यामागोमाग भाकरी मोडणारा तो डावा हात आला. मी तोंड मिटलं. दुसरं नाव मला माहीत नव्हतं. असलंच तर ते त्यांच्या आईला माहीत असणार, आणि ती कोण हे मी कधी विचारलंच नव्हतं. "मारा की हाक," नीकियास हळूच म्हणाला, "लोक खोळंबलेत." मी तिरडीला वळसा घालून त्यांच्या पायांशी, समोर येऊन उभा राहिलो.

"बाबा," मी म्हटलं.

"नावाने मारायची असते," सुतार म्हातारा मागून कुजबुजला. मी पुन्हा तीच हाक मारली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.